कारिन्याँ की ग्रनाश? बारा-पंधरा युरोतली नॅचरल रेड

दक्षिण फ्रान्सात, मोंपेलिएला नव्याने राहायला आलेल्या आपल्या मंडळींचा ठरलेला प्रश्न: बारा-पंधरा युरोत नॅचरल रेड (म्हणजे फारसं काही न मिसळता केलेली लाल वाइन) घ्यायची, तर लाँगदॉक भागातली घ्यावी की ऱ्होन खोऱ्यातली? मी उलट विचारतो, कारिन्याँ आवडेल की ग्रनाश? ही दोन्ही द्राक्षं दोन्हीकडे पिकतात, एकमेकांत मिसळलीही जातात. पण लाँगदॉककडच्या कोर्बिएर, मिनेर्व्हुआ, रूसियाँ या पट्ट्यात चांगलं कारिन्याँ स्वस्तात सापडतं, आणि ऱ्होनच्या दक्षिण खोऱ्यात राज्य ग्रनाशचं.

कारिन्याँला बरीच वर्षं कुणी विचारत नव्हतं. भरघोस पीक, पातळ वाइन, अशी त्याची ख्याती. 1980च्या दशकापासून युरोपीय अनुदान घेऊन शेतकऱ्यांनी त्याचे मळेच्या मळे उपटले. माळरानावर जे बुटके, जुने वेल उरले, तेच आता नॅचरलवाल्यांना हवे असतात: पीक थोडं, पण रस दाट. शिवाय तिकडचा त्रामोंतान वारा पानं कोरडी ठेवतो, बुरशी कमी धरते, त्यामुळे फवारणी कमी लागते. चव म्हणाल तर थेट करवंद. काळपट, आंबट, वर तुरट. हा तुरटपणा आवरायला बरेच जण घड न चिरडता बंद टाकीत, कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवतात. मग आंबणं मण्याच्या आतच सुरू होतं आणि साली-बियांतलं तुरट फारसं उतरत नाही. अशी बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून प्यावी.

ग्रनाश गोडसर पिकतं, त्यामुळे अल्कोहोल सहज चौदा-साडेचौदा टक्के. पिकलेली स्ट्रॉबेरी, किंचित मिरी, तोंडभर ऊब. थंडीतल्या संध्याकाळी याला तोड नाही. पण हवा लागली की ते लवकर कोमेजतं, म्हणून सल्फाइट (वाइन टिकवणारं द्रव्य) अजिबात न घालता ग्रनाश सांभाळणं हे हातखंडा असलेल्याचंच काम. दक्षिण ऱ्होनमधल्या केरान गावची बाटली बजेटमध्ये मिळाली तर घ्या. 2016 साली या गावाच्या वाइनला स्वतंत्र दर्जा मिळाला, तेव्हा हाताने तोडणी आणि सल्फाइटवर मर्यादा या गोष्टी नियमातच आल्या.

आता लेबल. फ्रान्समध्ये 2020पासून ‘व्हँ मेथोद नात्युर’ हा शिक्का आहे: सेंद्रिय द्राक्षं, हाताने तोडणी, यीस्ट फक्त सालीवरचं. त्यात दोन प्रकार: एक सल्फाइट न घातलेला, दुसरा लिटरमागे 30 मिलिग्रॅमच्या आतला. (साध्या रेडला युरोपात 150पर्यंत मुभा आहे.) पहिल्यांदा घेणाऱ्याने खुशाल दुसरा घ्यावा. शून्याचा हट्ट मी एकदा महागात फेडलाय: वास झकास, पहिला घोट झकास, आणि गिळल्यावर दहा सेकंदांनी जिभेवर उंदराच्या पिंजऱ्याची चव. हा दोष ग्लासात हुंगून कळत नाही. वाइनच्या आंबटपणात तो दबून असतो, लाळेशी गाठ पडली की उघडा पडतो. उघडल्यावर नुसती जिभेला चुणचुण लागली तर मात्र घाबरू नका. तो उरलेला वायू असतो, बाटली जरा हलवली की जातो.

आपल्या जेवणाबरोबर काय? तिखटावर अल्कोहोल म्हणजे आगीत तेल. तांबड्या रश्शाबरोबर ग्रनाश प्यायलात तर ना रश्शाची चव कळेल ना वाइनची. तिथे गार कारिन्याँच, किंवा त्याहून हलकं सँसो (तेही द्राक्षच) मिळालं तर उत्तमच. ग्रनाश ठेवा भाजलेल्या वांग्यासाठी, सौम्य मटणासाठी, नाहीतर नुसत्या चीजसाठी. मला वर्षभरासाठी एकच पेटी घ्यायला सांगितली, तर बारातल्या नऊ कारिन्याँच्या घेईन.

आणि सुटीला घरी जाताना दोन लिटर दारू बिनशुल्क नेता येते म्हणून बिनसल्फाइटची बाटली बॅगेत टाकू नका, निदान मे महिन्यात तरी नाही. तळाशी थोडी साखर उरलेली असली की उकाड्यात ती पुन्हा आंबायला लागते. मी नेलेलीचं बूच दादरच्या स्वयंपाकघरात, ओपनर शोधेपर्यंत, आपणहून बोटभर वर आलं होतं.