नॅलॉक्सोनचे किट आणि त्यामागची डॉक्टर मंत्री

फेंटानिलसारख्या ओपिऑइडच्या (अफूसारखा परिणाम करणाऱ्या वेदनाशामकाच्या) अतिमात्रेमुळे ज्याचा श्वास मंदावत चालला आहे, त्याला रुग्णवाहिका येईपर्यंत तगवून धरणारे नॅलॉक्सोनचे किट कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातील औषधांच्या दुकानांत मोफत मिळते. मी आणलेल्या कडक डबीत नाकात मारायच्या फवाऱ्याच्या ४ मिलिग्रॅमच्या दोन मात्रा, हातमोजे, तोंडाने श्वास देताना मध्ये धरायचा पडदा आणि माहितीपत्रक आहे. दुकानात कोणी डॉक्टरांची चिठ्ठी मागितली नाही.

चिठ्ठीची ही अट मार्च २०१६ मध्ये निघाली, तेव्हा जेन फिल्पॉट कॅनडाच्या आरोग्यमंत्री होत्या. नायजरमध्ये अनेक वर्षे वैद्यकीय सेवा करून त्या परतल्या आणि २०१५ मध्ये खासदार होईपर्यंत टोरॉंटोजवळ फॅमिली डॉक्टर होत्या. अमेरिकेत मंजूर असलेला हा फवारा कॅनडात रीतसर परवानगी मिळण्याआधीच आणता यावा, यासाठी जुलै २०१६ मध्ये त्यांनी अंतरिम आदेश काढला. मंत्र्याच्या हाती असलेला अधिकार इतक्या नेमकेपणाने वापरलेला क्वचितच दिसतो. हे खाते त्यांच्याकडे जेमतेम पावणेदोन वर्षे राहिले. पुढे दुसऱ्या खात्यावर असताना, मार्च २०१९ मध्ये एसएनसी-लाव्हलिन प्रकरणावरून (या बांधकाम कंपनीवरील खटल्यात सरकारने दबाव आणल्याच्या आरोपावरून) त्यांनी मंत्रिपद सोडले, पुढच्याच महिन्यात पक्षाने त्यांना संसदीय गटातून काढले, आणि अपक्ष म्हणून लढलेली निवडणूक त्या हरल्या. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीचे मोल त्या राजीनाम्यापेक्षा या डबीवरून अधिक कळते.

वापरणे सोपे आहे, पण एक सावधगिरी हवी: प्रत्येक फवाऱ्यात एकच मात्रा असल्याने आधी दाबून पाहिले की ती वाया गेलीच. टोक नाकपुडीत पूर्ण घालून दट्ट्या दाबावा, आणि दोन-तीन मिनिटांत फरक न पडल्यास दुसरी मात्रा दुसऱ्या नाकपुडीत द्यावी. औषधाचा अंमल ओपिऑइडच्या आधी उतरू शकतो, म्हणून ९११ या आणीबाणीच्या क्रमांकाला फोन केलाच पाहिजे.

उणीव म्हणजे औषध गोठता कामा नये, त्यामुळे इथल्या हिवाळ्यात डबी गाडीत ठेवून चालत नाही, आणि गरज तर बाहेरच पडण्याची शक्यता अधिक. माहितीपत्रकही फक्त इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये आहे. आमच्याकडे राहायला आलेल्या आईसाठी मी चार ओळी मराठीत लिहून झाकणाच्या आत चिकटवल्या आहेत.