नागपुरात पहिलं घर: स्वतःच्या प्लॉटवरचं घरकुल, व्याजसवलतीचा फ्लॅट की सोडतीतली सदनिका?

महिन्याच्या पाच तारखेला घरमालकाच्या हातात भाडं ठेवायचं आणि त्याच आठवड्यात बँकेनेही खात्यातून पैसे कापायचे. माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी हे २२ महिने चाललं. फ्लॅट बुक केला तेव्हा ताबा वर्षभरात मिळेल असं सांगितलं होतं. स्लॅब पडत गेले तसं बँक कर्ज सोडत गेली, आणि सुटलेल्या रकमेवरचं व्याज लगेच सुरू झालं. पंतप्रधान आवास योजनेची व्याजसवलत तिला मिळाली होती, तरी महिन्याची ओढाताण काही थांबली नाही. २०१९ मध्ये माझी वेळ आली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तिची ती पाच तारीख होती.

मी इतवारीत एका ठोक दुकानात हिशेब बघतो. मानेवाडा भागात दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो, आणि वडिलांनी कधीकाळी घेऊन ठेवलेला हजार फुटांचा प्लॉट होता. तीन वाटा समोर होत्या: प्लॉटवर अनुदान घेऊन बांधायचं, व्याजसवलतीवर फ्लॅट घ्यायचा, नाहीतर सोडतीत अर्ज करायचा. मी बांधलं. आज निवडणाऱ्याला योजनेची दुसरी आवृत्ती लागू आहे, १ सप्टेंबर २०२४ पासूनची, म्हणून आकडे तिचेच सांगतो.

सोडतीचं आधी उरकतो, कारण त्यात माझा अनुभव अर्जापुरताच आहे. आवास योजनेतल्या सदनिका तरोडी खुर्द, वांजरी अशा शहराच्या कडेच्या भागांत झाल्या आहेत. किंमत खरंच आवाक्यातली असते, कागद स्वच्छ असतात, आरएलची, म्हणजे प्लॉट नियमित केल्याच्या पत्राची, भानगड नसते. म्हाडाच्या नागपूर मंडळाचीही सोडत निघते, आणि तिथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आवास योजनेत अत्यल्प उत्पन्न म्हणजे वर्षाला ३ लाखांपर्यंत, पण म्हाडाने २०२२ पासून नागपूर महानगरासाठी हीच मर्यादा ६ लाख केली आहे. त्यामुळे एकीकडे न बसणारा माणूस दुसरीकडे बसू शकतो. ज्यांची नोकरी त्याच बाजूला आहे त्यांनी अर्ज जरूर करावा. मला जागा, मजला आणि मुख्य म्हणजे वेळ, यातलं काहीच ठरवता येत नव्हतं.

व्याजसवलतीचा हिशेब वरवर गोड वाटतो, आणि तो खोटाही नाही. घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत, कुटुंबाचं उत्पन्न ९ लाखांपर्यंत. पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के सवलत, ती मिळून जास्तीत जास्त १.८० लाख. पण हे पैसे पाच वार्षिक हप्त्यांत येतात, म्हणजे वर्षाला ३६ हजार, आणि तेही कर्जखात्यात. शिवाय प्रत्येक वेळी कर्ज चालू असावं लागतं आणि निम्म्याहून जास्त मुद्दल बाकी असावं लागतं. बोनस आला की कर्जात भरून मोकळं होणाऱ्यांनी ही अट नीट वाचावी.

उलट बाजूला, ३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या फार तर ९० टक्के देते. १८ लाखांचा फ्लॅट धरला तर १.८० लाख तुमचे, आणि मुद्रांक, नोंदणी वेगळी. सरकार पाच वर्षांत देणार तेवढीच रक्कम तुम्हाला पहिल्याच दिवशी उभी करायची असते. माझ्या पगारात ती उभी राहिली असती, उसनवारी करून. पण त्यानंतर भाडं आणि व्याज दोन्ही भरत किती महिने काढायचे, याचं उत्तर बँकेच्या टेबलावर कोणीच देऊ शकलं नाही. माझा निर्णय तिथेच झाला म्हणा ना.

प्लॉटवरच्या घरकुलाला अडीच लाख मिळतात, दीड केंद्राचे आणि एक राज्याचा. त्यासाठी उत्पन्न ३ लाखांच्या आत हवं, देशात कुठेही पक्कं घर नसावं, आणि घर बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर असावं. चटई क्षेत्र ३० ते ४५ चौरस मीटर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि संडास-न्हाणी नीट बसतात.

यातही त्रास आहे, आणि तो लपवणार नाही. पैसा कामाच्या मागून येतो. पाया झाला की फोटो, लिंटेलला फोटो, छताला फोटो, त्या फोटोवर जागेची नोंद, मग हप्ता. म्हणजे पायाचा खर्च तुमच्या खिशातून. आमच्याकडे काळी माती. मुरूम लागेपर्यंत मिस्त्री खणतच गेला आणि जमिनीखालीच आमची निम्मी शिल्लक संपली. बायकोच्या बांगड्या गहाण पडल्या. लिंटेलनंतरचा हप्ता चार महिने अडकला. तोवर पावसाळा लागला, वाळूचा उपसा बंद झाला आणि कन्हानच्या वाळूचा भाव ऐकवेना. एकूण खर्च साडेसहा लाखांच्या वर गेला. अडीच लाखांत घर होतं असं कोणी सांगत असेल तर त्याने बांधलेलं नाही.

पण एक गोष्ट माझ्या हातात होती. प्लिंथ भरून झाल्यावर प्लॉटच्या कोपऱ्यात टिनाची एक खोली उभी केली, नळ होताच, आणि मे महिन्यात भाड्याच्या खोल्या सोडल्या. तो उन्हाळा टिनाखाली काढणं सोपं नव्हतं. मुलगी दुपारी शेजारच्या काकूंकडे झोपायची. तरी भाडं थांबलं, आणि त्याच साडेपाच हजारांत दर महिन्याला सिमेंट येत राहिलं. हप्ता अडकला तेव्हा काम थांबलं, पण आमच्यावर नवीन देणं चढलं नाही. बहिणीच्या बाबतीत काम थांबलं की भाडं आणि व्याज दोन्ही चालूच राहायचं. मला सगळ्यात मोठा फरक हाच वाटतो. भिंतींना पाणी मारायला रोज सायकल दामटावी लागली नाही, हा वरचा फायदा.

ज्याच्याकडे प्लॉट नाही त्याने निव्वळ या अनुदानासाठी आज प्लॉट घ्यावा असं मी म्हणणार नाही. आजच्या भावात तो हिशेब बसणं कठीण. उत्पन्न ३ लाखांच्या वर असेल तर अनुदानाचा प्रश्नच उरत नाही. अशांनी व्याजसवलत घ्यावी, फक्त शक्यतो भोगवटा प्रमाणपत्र मिळालेला तयार फ्लॅट बघावा. त्यावर जीएसटी लागत नाही, आणि किल्ली मिळाली त्या महिन्यात भाडं बंद होतं. थोडा जुना, थोडा लहान असला तरी चालेल. खरेदी एकट्या पत्नीच्या नावावर केली तर मुद्रांक शुल्कात एक टक्का वाचतो.

आणि प्लॉट असेल तर अर्जाच्या आधी आरएल काढून बघा. ५७२ किंवा १९०० म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, आधी अनधिकृत असलेल्या ले-आउटमधला प्लॉट असेल तर नियमितीकरणाच्या त्या पत्राशिवाय नकाशा मंजूर होत नाही, आणि नकाशाशिवाय घरकुलाची फाइल पुढे सरकत नाही. पत्र आहे एवढ्यावर थांबू नका, त्यावर नाव कोणाचं आहे ते वाचा. आमचं वडिलांच्या नावावर होतं आणि ते जाऊन सहा वर्षं झाली होती. वारसांची नावं चढवून मोठ्या भावाकडून हक्कसोडपत्र घ्यावं लागलं. भाऊ मनाने तयारच होता, पण तो पुण्याला. त्याची रजा आणि कार्यालयातली तारीख जुळायला आठ महिने लागले. ते काम भाड्याच्या घरात बसूनही होतं. आधी तेवढं करून घ्या, मग खड्डा खणा.