काटोचा २४८ मिलीमीटरचा पूल : तीन विकत घेतले, दरी घरीच खणली

पेटीतून छोट्या रेल्वेचा पूल बाहेर काढला आणि आधी त्याला टेप लावला. तीस वर्षं ब्लाउज शिवते आहे, हातात काहीही आलं की पहिलं माप घ्यायची सवय. या टोकापासून त्या टोकापर्यंत २४८ मिलीमीटर. काटो ही छोट्या रेल्वे बनवणारी जपानी कंपनी, आणि युनिट्रॅक म्हणजे तिचे एकमेकांत अडकवायचे रूळ. त्यांतला नेहमीचा सरळ रूळसुद्धा २४८ मिलीमीटरचाच. दोन्ही शेजारी ठेवून बघितले, केसाचा फरक नाही. म्हणजे मांडलेल्या मार्गातला एक सरळ तुकडा काढायचा आणि त्याच जागी पूल बसवायचा, पुढचं-मागचं काही हलवावं लागत नाही. मी तीन तुकडे काढले आणि तीन पूल ओळीने लावले. प्रेस बटण लावल्यासारखा टक् आवाज येतो, की जोड बसला.

हा एन गेज या छोट्या रेल्वेच्या मापाचा, एका मार्गिकेचा, दोन्ही बाजूंना आणि वरून जाळी असलेला ट्रस पूल आहे. दोन रुळांत ९ मिलीमीटर अंतर. पूल जोडूनच येतो, रूळ त्यावर बसवलेलाच असतो. वीज शेजारच्या रुळातून जोडामार्गे पुलावर येते, वेगळी वायर ओढायची गरज नाही. मी राखाडी रंगाचा घेतला. खांब मात्र वेगळे विकत घ्यावे लागतात, आणि माझी खरी गोष्ट तिथूनच सुरू होते.

आम्ही रत्नागिरीचे. इथून निवसरकडे जाताना पानवल नदीवरचा पूल लागतो, ६४ मीटर उंच आणि ४२४ मीटर लांब. २६ जानेवारी १९९८ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, त्याआधी आमचं सगळं आयुष्य एसटीत गेलेलं. पहिल्यांदा गाडीतून त्या पुलावरून गेले तेव्हा खिडकीची सळई घट्ट धरून बसले होते. खाली माडांचे शेंडे दिसत होते आणि शेजारची बाई पर्समधून नाणं काढून नदीत टाकत होती. वारा मोजायचं यंत्रही आहे त्या पुलावर. वारा फार झाला की गाड्या थांबवतात. त्या पुलाचं मला अजून वेड आहे. पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशींचं छोट्या रेल्वेंचं म्युझियम आहे, तिथे नातवाला घेऊन गेले होते. त्याच्यापेक्षा जास्त वेळ मीच काचेला नाक लावून उभी होते. परत आल्यावर माडीवर आठ बाय चारची प्लायची फळी टाकली आणि आमची रेल्वे सुरू झाली.

काटोच्या आधी एक पूल ऑनलाइन मागवला होता. कुठल्या दुकानातून ते लिहीत नाही. लेझरने कापलेले भाग चिकटवून जोडायचा तो संच होता. खालचा लांब तुकडा टेबलावर ठेवला तर मधे बोट जाईल एवढा वाकलेला. ओल्या फडक्यात गुंडाळून वर इस्त्री ठेवून बघितली, दोन दिवस पुस्तकांखाली दाबून ठेवला, पण पीळ काही गेला नाही. परत पाठवायला गेले तर पेटी उघडली म्हणून नाही म्हणाले. तेव्हा ठरवलं, पुलाचा गाभा कारखान्यातून सरळ होऊन आलेलाच घ्यायचा, आपला हात खांबांना आणि डोंगराला लावायचा. त्या बाबतीत काटोने माझे पैसे वसूल केले. तिन्ही पूल काचेवर ठेवून बघितले, एकही डुगडुगला नाही.

आता दरी. काटोचा साधा खांब ५० मिलीमीटर उंच. जपानी एन गेजचं प्रमाण १:१५०, त्यामुळे तो खांब खऱ्या मापात साडेसात मीटरचा होतो. साडेसात मीटर म्हणजे ओढ्यावरचा पूल, दरी नव्हे. आणि तेवढं चढायलाही जागा लागते. शेकडा ४ चा चढ धरला तरी ५ सेंटीमीटर वर जायला सव्वा मीटर रूळ हवा, उतरायला आणखी सव्वा मीटर. बोरघाटातला सर्वांत कडक चढ १:३७ चा, तिथे कर्जतहून वर जाणाऱ्या गाड्यांना मागून बँकर इंजिनं लावतात. माझं इंजिन एकटं, मागे सहा डबे, आणि फळी आठच फुटांची. मी खरंच ५० मिलीमीटरचे खांब लावून बघितले. इंजिन चढाच्या मध्यावर जाऊन चाकं फिरवत जागीच उभं राहिलं.

मग उलटा विचार केला. रूळ वर नेण्यापेक्षा जमीन खाली नेली तर? सुताराला बोलावून फळीचा मधला भाग पाऊण मीटरच्या आसपास कापून काढला. खालच्या चौकटीला पट्ट्या मारून २८ सेंटीमीटर खाली दुसरी फळी बसवली. रूळ होता त्या पातळीवरच राहिला, चढ शून्य, आणि खाली ४२ मीटरांची दरी उघडी पडली. पानवलसारखी हवी असती तर जवळजवळ ४३ सेंटीमीटर खाली जावं लागलं असतं, पण फळीखाली माझे कापडाचे तागे असतात, त्यांनाही जागा हवी. मोठा पूल घ्यायचा विचार असलेल्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे की पूल मागवायच्या आधी फळी कुठे कापणार ते ठरवा. अख्खी सपाट फळी टाकून वर्षभर रूळ ठोकत बसलात, तर नंतर कापताना जिवावर येतं. मला आलं होतं.

पुलाच्या दोन्ही तोंडांना किमान एकेक पूर्ण सरळ रूळ ठेवा. वळणावरून गाडी थेट पुलात शिरली की लांब डब्याची कोपरं जाळीच्या जवळ जातात. माझे तीन पूल आणि दोन बाजूंचे दोन रूळ मिळून १२४० मिलीमीटर झाले, त्यापुढे ३१५ मिलीमीटर त्रिज्येची वळणं. आठ फुटांत आरामात बसलं.

खांबांत मी चुकले. पहिले थर्माकोलचे केले, वर सिमेंटच्या रंगाचा हात दिला. दिसायला अगदी हुबेहूब. पण फळीपासून माप घेऊन कापले होते, पूल जागेवर धरून त्याच्या बुडापासून माप घेतलं नव्हतं. दोन मिलीमीटर जास्त आले. दोन मिलीमीटर म्हणजे ब्लाउजच्या बाहीला काहीच नाही, पण तिथे रुळाला उंचवटा आला. गाडी त्यावरून जाताना तिसऱ्या डब्याची कडी सुटली, मागचे चार डबे मधेच थांबले, इंजिन गोल फिरून मागून आलं आणि त्यांना धडकलं. शेवटचा डबा वळणावरून निसटून दरीत पडला. त्याच्या कडीचा दात तुटला, तो मी अजून डबीत ठेवला आहे. नातू रडला नाही, मीच गप्प झाले.

दुसरे खांब फणसाच्या लाकडाचे. शेजारच्या सुताराकडे पडलेले तुकडे होते. जड, सरळ, हलत नाहीत. आमच्याकडे न्हाणीघराच्या कामाला आलेला गवंडी माडीवर आला आणि दोन मिनिटं बघत राहिला. म्हणाला, "वहिनी, ह्यो मधला खांब ओळंब्यात नाय." खिशातून ओळंबा काढला, दोरी खांबाशेजारी सोडली, आणि खरंच वरचं टोक आत झुकलेलं होतं. पाणसळही त्यानेच लावून दिली. मग खांबाच्या डोक्यावर जुन्या लग्नपत्रिकांचे तुकडे घालत गेलो, एका ठिकाणी एक, एका ठिकाणी तीन. पाणसळीतला बुडबुडा मधे येऊन थांबला तेव्हा गवंडीही हसला. खांब नेहमी दोन पुलांच्या जोडाखालीच यायला हवा, पुलाच्या पोटाखाली नको. पूल स्वतःच्या लांबीत वाकत नाही, जोड मात्र आधार नसेल तर खाली दबतो.

आणखी एक गोष्ट शिकले ती पावसाळ्यात. पहिल्या वर्षी तिन्ही पूल खांबांना फेव्हिकॉलने पक्के चिकटवले होते. जूनमध्ये हवेने प्लाय फुगली, दोन्ही काठ एकमेकांकडे सरकले, पुलाला सरकायला वाव नाही, आणि मधला जोड वर उचलला गेला. कपड्याला आम्ही शिवणीत माया ठेवतो, ती इथे ठेवायची विसरले. खऱ्या पुलालाही एका टोकाला पक्की बैठक आणि दुसऱ्या टोकाला सरकती असते. आता माझा पूल फक्त एका काठाला धरलेला आहे, बाकी सगळीकडे नुसता टेकलेला.

रंगाचं सांगते, कारण त्यात मला सर्वांत आनंद मिळाला. नवं प्लास्टिक चकाकतं. वर पातळ केलेल्या काळ्या-तपकिरी अॅक्रिलिक रंगाचा हात दिला आणि लगेच चिंधीने टिपून घेतला, रंग फक्त कोपऱ्यांत राहिला. मग शिंप्याचा तपकिरी खडू कानशीवर घासून पूड केली आणि काजळाच्या जुन्या ब्रशने जाळीच्या खालच्या सांध्यांत भरली. गंज वाटतो, अगदी पाणी साचून खालून चढत गेलेला गंज. दरीच्या भिंतींना थर्माकोलवर प्लास्टर ऑफ पॅरिस लावलं, आणि त्यावर अंगणातल्या जांभ्या चिऱ्याचा चुरा ओढणीच्या कापडातून चाळून टाकला. विकतच्या कुठल्याही पुडीत आमच्या मातीचा तो लाल रंग मिळाला नसता.

गाडी पुलावर येते तेव्हा आवाज बदलतो. फळीवर चाकांची घरघर दबून जाते, पुलाच्या पोकळीत ती मोकळी होते. डोळे मिटले तरी गाडी कुठे आहे ते कळतं. माझ्या दृष्टीने एवढ्यासाठीही हा पूल घ्यावा.

पानवलचा पूल ज्यांना हवा आहे त्यांनी मात्र हा घेऊ नये. तो काँक्रीटचा, वर काही नाही, खालून उंच खांब आणि डोक्यावर सपाट पट्टा. लोखंडी जाळीच्या पुलाला कितीही रंगवा, तो तसा दिसणार नाही. शिवाय खरं पानवल १:१५० मध्ये २ मीटर ८३ सेंटीमीटर लांब होतं, माझी अख्खी फळी त्याहून लहान. तो कधीतरी भिंतीला लावून वेगळा करायचा आहे.

पैशांचं बोलायचं तर खेळण्यांवरची मूळ आयात ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७०. इथे मागवला की किंमत त्यामुळेच चढते. माझे तिन्ही पूल जावयाने जपानहून सामानातून आणले, म्हणून परवडले. लाकूड, प्लाय, सुताराची मजुरी यांना पुलांपेक्षा जास्त लागले, ते आधीच धरून चाला.

वर आणि बाजूला जाळी असलेल्या कुठल्याही पुलात रूळ पुसायला बोट जात नाही. इथल्या खाऱ्या हवेत रूळ लवकर काळवंडतात, आणि पुलावरच काळवंडले की गाडी अडखळते. मी उदबत्तीच्या काडीला मलमलची पट्टी गुंडाळते, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवते आणि आतून ओढून काढते. आठवड्यातून एकदा पुरतं. मे अखेरीस जोड सोडवून तिन्ही पूल काढते, सिलिकाच्या पुड्यांबरोबर स्टीलच्या डब्यात ठेवते, आणि नवरात्रात पाणसळ लावूनच परत बसवते.