ज्याच्याकडे पायथॉन नाही, त्याला स्क्रिप्ट कशी द्यावी?

समजा, तुमच्या लॅपटॉपवर पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेली एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम आहे. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली वर्डची फाइल ती घेते आणि मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतात बदलून नवी फाइल तयार करते. ती आता हवी आहे तालुक्याच्या गावी डीटीपीचं काम करणाऱ्या एका ताईंना. त्यांच्याकडे वर्षानुवर्षांचा मजकूर जुन्या फॉन्टमध्ये पडून आहे. त्यांच्या संगणकावर पायथॉन नाही, आणि असण्याचं काही कारणही नाही.

पुढे हेच उदाहरण धरून चालतो, कारण बहुतेक सगळे पेच त्यात येतात: बाहेरून आणलेलं पॅकेज (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड), देवनागरी अक्षरं, जुना विंडोज संगणक आणि सतत दुरुस्त होत राहणारा अक्षरांचा तक्ता.

‘पायथॉन टाकून घ्या ना’ हे उत्तर वाटतं तेवढं सोपं नाही. विंडोज १० मध्ये २०१९ पासून काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) पायथॉन म्हणून टाइप केलं की मायक्रोसॉफ्ट स्टोअरचं पान उघडतं. मॅकवर पूर्वी पायथॉन २ आयतं मिळायचं, ते ॲपलने २०२२ मध्ये मॅकओएसच्या १२.३ या आवृत्तीपासून काढून टाकलं. पायथॉन कसंबसं आलं तरी मग पॅकेजं आली, पाथ (पायथॉन कुठे आहे ते विंडोजला सांगणारी नोंद) आला, आणि संध्याकाळी तुमचा फोन वाजणार हे नक्की. तेव्हा तो मार्ग बाजूला ठेवू.

बाकीचे मार्ग तोलताना माझा मुख्य निकष एकच आहे: समोरच्या माणसाला किती डोळे झाकून विश्वास ठेवावा लागतो? सोय, फाइलीचा आकार, वेग हे सगळं त्यानंतर. लग्नपत्रिकेच्या नावाखाली व्हॉट्सॲपवर एपीके (अँड्रॉइड ॲपची फाइल) पाठवून बँक खाती रिकामी करण्याचे प्रकार आपल्याकडे घडले आहेत. ‘अनोळखी फाइल उघडू नका’ असं पोलीस कानीकपाळी ओरडून सांगत असतात. अशा वेळी ‘इशारा आला तरी पुढे जा’ असं आपण ज्याला शिकवतो, त्याची एक चांगली सवय आपण मोडतो. तुमची फाइल निर्धोक असेल, पण तीच सवय घेऊन ती व्यक्ती पुढची फाइलही उघडेल.

एकच ईएक्सई: पायइन्स्टॉलर

बहुतेकांना पहिल्यांदा सुचतं ते हेच. पायइन्स्टॉलर तुमची स्क्रिप्ट, तिला लागणारी पॅकेजं आणि खुद्द पायथॉन एकत्र बांधून देतो. ताईंनी फक्त डबल-क्लिक करायचं. यासारखं सोपं दुसरं काही नाही, आणि म्हणूनच त्याच्या अडचणी नीट पाहायला हव्यात.

पहिली अडचण वेगाची. ‘वनफाइल’ प्रकारात बनवलेली ईएक्सई दर वेळी सुरू होताना स्वतःतला सगळा माल एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडते आणि मगच कामाला लागते. जुन्या हार्ड डिस्कवर तेवढा वेळ काहीच हालचाल दिसत नाही. माणूस पुन्हा क्लिक करतो, मग पुन्हा. त्यापेक्षा ‘वनडिर’, म्हणजे फोल्डरच्या रूपातला प्रकार कितीतरी बरा. फाइली जास्त दिसतात, पण कार्यक्रम लवकर उघडतो.

दुसरी अडचण अँटिव्हायरसची. पायइन्स्टॉलर चोरट्या सॉफ्टवेअरवाल्यांनीही भरपूर वापरला आहे. त्याचा सुरुवातीचा भाग सगळ्या ईएक्सईंमध्ये सारखाच असतो, त्यामुळे निर्धोक फाइलही संशयात सापडते. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलीवर विंडोजचा स्मार्टस्क्रीन निळा इशारा दाखवतो तो वेगळाच. पैसे भरून डिजिटल सही विकत घेता येते, पण एका फुकट दिलेल्या स्क्रिप्टसाठी दरवर्षी तो खर्च कोण करणार? शिवाय जीमेल ईएक्सई जोडूच देत नाही, झिपमध्ये घातली तरी नाही.

तिसरी गोष्ट आयत्या वेळी लक्षात येते. पायइन्स्टॉलर ज्या यंत्रणेवर चालवाल तिच्यासाठीच फाइल बनवतो. लिनक्सवर बसून विंडोजची ईएक्सई निघत नाही. गिटहब या कोड साठवण्याच्या संकेतस्थळाच्या भाड्याच्या विंडोज यंत्रांवर ती बांधून घेता येते, पण ते एक वेगळंच काम होऊन बसतं. ताईंचा संगणक विंडोज ७ असेल तर पायथॉन ३.८ वरच बांधावं लागेल, कारण ३.९ पासून विंडोज ७ चा आधार बंद झाला. विंडोज ३२ बिटचं असेल तर पायथॉनही ३२ बिटचंच हवं. म्हणून आधी फोनवर विचारून घ्या: कुठलं विंडोज, किती बिट?

न्यूटका हा याचाच अधिक कसलेला भाऊ. तो पायथॉनचं सी भाषेत रूपांतर करून मग कंपाइल करतो. बांधायला बराच वेळ लागतो आणि सी कंपायलर हवा. फॉन्ट बदलण्यासारख्या कामाला एवढा खटाटोप मला गरजेचा वाटत नाही. आणि कुठलाही प्रकार घेतलात तरी पासवर्ड किंवा एपीआयची किल्ली (ऑनलाइन सेवा वापरण्याचा गुप्त संकेत) ईएक्सईत लपवू नका. पायइन्स्टॉलरच्या फाइलीतून तर मूळ कोडच्या बराच जवळ जाता येतं.

पायथॉनसकट फोल्डर

हा मार्ग फारसा कोणी सुचवत नाही, आणि विंडोजसाठी मला तो मनापासून आवडतो. पायथॉनच्या अधिकृत संकेतस्थळावर ‘एम्बेडेबल’ नावाची एक झिप मिळते, साधारण दहा एमबीची. ती कुठेही उलगडा, बसवावी लागत नाही, ॲडमिनचा पासवर्ड लागत नाही. तिच्या शेजारी तुमची स्क्रिप्ट आणि लागणारी पॅकेजं ठेवायची, आतल्या पाथ-फाइलीत त्या पॅकेजांच्या फोल्डरचं नाव लिहायचं, आणि वर एका ओळीची बॅच फाइल, म्हणजे ती स्क्रिप्ट सुरू करण्याची आज्ञा लिहिलेली फाइल. ताईंनी वर्डची फाइल त्या बॅच फाइलीवर ओढून सोडली की काम सुरू.

यातल्या पायथॉनच्या ईएक्सईवर पायथॉन सॉफ्टवेअर फाउंडेशनची डिजिटल सही असते, त्यामुळे अँटिव्हायरसची कटकट पुष्कळ कमी होते. दुसरा फायदा आमच्या उदाहरणात फार मोलाचा आहे: स्क्रिप्ट उघडी राहते. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये जाणं म्हणजे नुसती अक्षरांची अदलाबदल नव्हे. ऱ्हस्व वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये अक्षराच्या आधी येते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचं नेमकं उलट. जोडाक्षरांमधले अपवाद तर प्रत्यक्ष मजकूर चालवल्याशिवाय कळतच नाहीत. म्हणजे तक्ता पुन्हा पुन्हा दुरुस्त होणार. ईएक्सई असेल तर प्रत्येक दुरुस्तीला पुन्हा बांधणी आणि पुन्हा मोठी फाइल पाठवणं आलं. इथे काही केबींची एक मजकूर फाइल पाठवली की झालं. एखादा जाणकार भाचा घरी असेल तर तो ती उघडून वाचूही शकतो, आणि माझ्या निकषात याला मोठे गुण आहेत.

उणिवाही आहेत. या झिपमध्ये पिप (पॅकेजं उतरवून बसवणारं साधन) नसतो, त्यामुळे पॅकेजं तुमच्या संगणकावर आणून हाताने त्यात ठेवावी लागतात. टीकेइंटर (खिडक्या आणि बटणं बनवणारा पायथॉनचा भाग) नसल्यामुळे स्वतःची खिडकी दाखवणं अवघड. मॅकसाठी हा प्रकारच नाही. आणि फोल्डरमधली एखादी फाइल कोणी चुकून उडवली की सगळं बंद पडतं. फोल्डर मेलने जाणार नाही, कारण आत ईएक्सई आहे. ड्राइव्हची लिंक द्या, किंवा सरळ पेन ड्राइव्ह.

ब्राउझरमध्येच चालवणं

ताईंच्या संगणकावर एक गोष्ट नक्की आहे: ब्राउझर. पायोडाइड म्हणजे ब्राउझरच्या आत चालणारं पायथॉन. मोझिलात २०१८ मध्ये ते सुरू झालं आणि २०२१ पासून स्वतंत्र प्रकल्प म्हणून चालतं. एक वेबपान बनवायचं, त्यात ‘फाइल निवडा’ असं बटण, आणि स्क्रिप्ट त्या पानातच चालते. वर्डची फाइल वाचायला लागणारं एलएक्सएमएलसारखं सी भाषेत लिहिलेलं पॅकेजही पायोडाइडसाठी आधीच बांधून ठेवलेलं आहे.

इथे विश्वासाचा प्रश्न बराच सुटतो. ब्राउझर त्या पानाला संगणकाच्या बाकी फाइलींना हात लावू देत नाही. निवडलेली फाइल तेवढी त्याला दिसते. रूपांतर तिथल्या तिथे होत असल्याने ती फाइल कुठल्या सर्व्हरवर पाठवायची गरज पडत नाही. अप्रकाशित कवितासंग्रह असो की कोर्टाचे कागद, हे महत्त्वाचं आहे. विंडोज ७ ची तेवढी काळजी घ्या: तिथले जुने ब्राउझर दगा देऊ शकतात.

पहिल्यांदा उघडताना काही एमबी उतरावे लागतात, त्यामुळे संथ इंटरनेटवर धीर धरावा लागतो. शेकडो फाइलींचं फोल्डर एका झटक्यात द्यायचं असेल तर ब्राउझर तितका मोकळा हात देत नाही. स्क्रिप्ट प्रिंटरशी किंवा दुसऱ्या कार्यक्रमाशी बोलणारी असेल तर हा मार्गच नाही. पान बनवायला थोडं जावास्क्रिप्टही यावं लागतं.

आणि नुसता मजकूर चिकटवून बदलायचा असेल, तर पायथॉनचा हट्ट सोडून तक्ता सरळ जावास्क्रिप्टमध्ये लिहा. हिंदी-मराठीतले कितीतरी जुने फॉन्ट-परिवर्तक असेच एका साध्या एचटीएमएल फाइलीत लिहिलेले आहेत. वर एक चौकोन, खाली एक चौकोन, मधे बटण. इंटरनेट नसतानाही चालतात. ज्यांनी ते लिहून मोकळेपणाने वाटले, त्यांचे आपल्या भाषांवर खरे उपकार आहेत.

कोलॅब, स्ट्रीमलिट, यूव्ही

गूगल कोलॅब, म्हणजे ब्राउझरमधून गूगलच्या यंत्रावर पायथॉन चालवण्याची सोय, शिक्षक-विद्यार्थ्यांसाठी उत्तम, पण डीटीपीच्या टेबलावर नको. गूगल खातं हवं, फाइल गूगलच्या यंत्रावर चढवावी लागते, सत्र संपलं की तिथलं सगळं पुसलं जातं, आणि समोर कोडच्या ओळी पाहून माणूस बिचकतो. स्ट्रीमलिट पायथॉनच्या स्क्रिप्टचं वेबपान बनवून देतं. पान छान दिसतं, पण तिथेही फाइल सर्व्हरवर जाते, आणि फुकटच्या होस्टिंगवर कोणी फिरकलं नाही की पान झोपी जातं. पतसंस्थेच्या खातेदारांची यादी किंवा मुलांचे गुण असल्या ठिकाणी चढवायला मी कोणालाच सांगणार नाही.

यूव्हीचं मात्र वेगळं आहे. २०२४ मध्ये आलेलं हे साधन पायथॉन स्वतःच उतरवून घेतं. स्क्रिप्टच्या डोक्यावर कुठली पॅकेजं हवीत ते लिहून ठेवलं की एका आज्ञेत सगळं जमवून चालवतं. समोरचा काळ्या खिडकीला न घाबरणारा असेल, एखादा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी किंवा दुसऱ्या भाषेत काम करणारा सहकारी, तर बाकी सगळं सोडून हेच द्या. कोड उघडा राहतो आणि मॅक, लिनक्स, विंडोज तिन्हीकडे चालतो.

मग ताईंना काय द्यायचं?

एकेक फाइल बदलायची असेल आणि इंटरनेट बरं असेल तर ब्राउझरचं पान. रोज ढीगभर फाइली असतील आणि संगणक विंडोज असेल तर पायथॉनसकट फोल्डर, पेन ड्राइव्हवरून, शक्य तर स्वतः जाऊन. स्वतःची खिडकी आणि बटणं हवीच असतील तर पायइन्स्टॉलरचा फोल्डर प्रकार, पण तोही तुम्हाला ओळखणाऱ्या माणसालाच. व्हॉट्सॲप ग्रुपवर ईएक्सई टाकू नका. मॅक असेल तर ब्राउझरच, कारण सही नसलेला कार्यक्रम उघडायला २०२४ च्या सिक्वोया या मॅकओएसच्या आवृत्तीपासून सेटिंग्जमध्ये शिरून परवानगी द्यावी लागते.

पाठवण्याआधी देवनागरी एकदा तपासा. विंडोजवर पायथॉन फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं साठवण्याची पद्धत) सांगितलं नाही तर ते बहुतेक वेळा यूटीएफ-८, म्हणजे युनिकोड साठवण्याची नेहमीची पद्धत, धरत नाही, म्हणून प्रत्येक ठिकाणी ते स्पष्ट लिहा. एक्सेलमध्ये उघडायची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली मजकूर फाइल) बीओएमसह, म्हणजे फाइलीच्या सुरुवातीच्या ओळखखुणेसह, यूटीएफ-८ मध्ये साठवा, नाहीतर अक्षरांचा चुराडा दिसेल. काळ्या खिडकीत मराठी संदेश छापण्यापेक्षा ते एका मजकूर फाइलीत लिहा. फाइलीचं नाव ‘दिवाळी अंक अंतिम’ असं, मधल्या जागांसकट ठेवून चालवून पाहा.

आणि हे सगळं तुमच्या संगणकावर नको, तिथे पायथॉन आधीच आहे. विंडोज प्रोमध्ये सँडबॉक्स नावाची कोरी खिडकी मिळते, तिच्यात तपासा. होम आवृत्तीत ती नसते. मग शेजाऱ्यांचा, पायथॉन कधीच न पाहिलेला लॅपटॉप तासाभरासाठी मागून घ्या.