काळी अबार्थ पुंतो : नऊ पावसाळे आणि ४५ मायक्रॉन

भोसरी एमआयडीसीत माझं ग्राइंडिंगचं जॉबवर्क आहे. शाफ्ट, बुश, पिना. टर्नरकडून जॉब येतो तेव्हा व्यासावर ०.३ मिलिमीटर माल, म्हणजे घासायला जादा धातू, ठेवलेला असतो. तेवढ्या मालात साइजही आणायची आणि फिनिशही. एकदा जास्त उडाला की जॉब स्क्रॅप. गाडीच्या रंगाकडेही मी ह्याच नजरेने बघतो, म्हणून हा रिव्ह्यू इंजिनापेक्षा रंगाबद्दल जास्त आहे.

गाडी फियाटची अबार्थ पुंतो, काळी, २०१६ च्या फेब्रुवारीत घेतलेली. आमच्यापासून दीड तासावरच्या रांजणगावात बनलेली. १३६८ सीसीचं टी-जेट टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ पीएस, २१२ न्यूटन-मीटर, पाच गिअर, चारही चाकांना डिस्क ब्रेक. ऑक्टोबर २०१५ मध्ये ती आली तेव्हा दिल्लीत एक्स-शोरूम किंमत ९ लाख ९५ हजार होती, आणि त्या पैशात एवढी ताकद दुसऱ्या कुठल्याच हॅचबॅकमध्ये मिळत नव्हती. कार्लो अबार्थने १९४९ मध्ये इटलीत अबार्थ ही कंपनी काढली. त्याची रास वृश्चिक, म्हणून बिल्ल्यावर विंचू. माझ्या आईची रासही वृश्चिक. तिला गाडी आवडली ती एवढ्यावरूनच.

पाच दारांच्या हॅचबॅकला स्पोर्ट्स कार म्हणायचं का, ह्यावर मित्रांशी माझे पुष्कळ वाद झालेत. माझं म्हणणं साधं आहे. आमच्याकडे गुरुवारी सुट्टी असते. सकाळी साडेपाचला निघायचं, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव करत आळेफाट्याला डावीकडे वळायचं आणि ओतूर मागे टाकून माळशेज गाठायचा. घाटात तिसऱ्या गिअरमध्ये काटा २००० च्या पुढे गेला की टर्बो भरतो आणि गाडी ओढ घेते. स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे. रस्त्यावरची खडी, ओल, डांबराचं ठिगळ, सगळं हाताला कळतं. हल्लीच्या इलेक्ट्रिक स्टिअरिंगच्या महागड्या गाड्याही मी चालवून पाहिल्या, हे हाताला कळणं त्यांत मला सापडलं नाही. ज्या गाडीसाठी माणूस सुट्टीच्या दिवशी पाचला उठतो ती स्पोर्ट्स कार.

ग्राउंड क्लिअरन्स १५५ मिलिमीटर आहे, साध्या पुंतोपेक्षा बराच कमी. गावागावांतले गतिरोधक तिरके घेऊनच ओलांडावे लागतात. शहरात पेट्रोल भरपूर पिते. हे मला घेतानाच माहीत होतं, त्यामुळे तक्रार नाही.

आता रंग.

काळा रंग मी हौसेने घेतला. लाल आरसे आणि दाराखालचा लाल पट्टा काळ्यावर जसा दिसतो तसा पांढऱ्यावर दिसत नाही. पहिल्या वर्षी मी त्या रंगाची काहीच काळजी घेतली नाही. सोसायटीत गाडी पुसणारे मामा होते, रोज सकाळी सहाला एक बादली आणि एक फडकं घेऊन यायचे. माझ्या आधी अकरा गाड्या. मोशीकडून येणारी बांधकामाची धूळ रात्रभर टपावर बसलेली असायची, आणि मामा त्या धुळीवरून ओलं फडकं गोल गोल फिरवायचे. दिवाळीत एका संध्याकाळी सोसायटीच्या दिव्याखाली गाडी लावली आणि बॉनेटकडे बघितलं. दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक रेघांची वर्तुळंच वर्तुळं. आमच्याकडे ग्राइंडिंगच्या चाकाचं ड्रेसिंग, म्हणजे त्याचा पृष्ठभाग साफ आणि धारदार करणं, नीट झालं नसलं की शाफ्टवर अशाच रेघा उठतात. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

पुढची चूक मी पैसे देऊन केली. एका सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी बफिंगला दिली. रोटरी मशीन, लोकरीचं पॅड, अर्ध्या तासात पूर्ण गाडी. आणली तेव्हा आरशासारखी होती. दोन धुण्यांनंतर रेघांत भरलेलं मेण उतरलं आणि रेघा परत दिसायला लागल्या. शिवाय उन्हात बॉनेटवर मशीन फिरल्याचे लांब पट्टे चमकायला लागले. हत्यार चुकीचं, वेग चुकीचा आणि किती माल उडवला ह्याचा हिशोब नाही. माझ्या शॉपमध्ये एखाद्या पोराने मायक्रोमीटर न लावता जॉब असा घासला असता तर मी त्याला मशीनवरून उठवलं असतं.

मग मी रंगाची जाडी मोजायचं गेज घेतलं. पुंतोच्या पत्र्यावर खाली गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, मग काळा रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. माझ्या बॉनेटवर सगळं मिळून १०८ ते ११४ मायक्रॉन भरलं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. गेज एकूण जाडी सांगतं, त्यातला क्लिअर कोट किती ते सांगत नाही. साधारण ४५ मायक्रॉन धरून मी चालतो. माणसाचा केस जाडीला ह्याहून जास्त भरतो. ऊन अडवणारी रसायनं ह्याच थरात असतात, म्हणून तो सगळा घासून संपवायचा नसतो. वरचा एक हिस्सा तेवढा आपल्या वापराचा, बाकीचा हात न लावता ठेवायचा. गेजची अचूकताही दोन-तीन मायक्रॉनचीच आहे, तेव्हा मी एकाच जागी पाच रीडिंग घेतो आणि सरासरी वहीत लिहितो. बंपर प्लॅस्टिकचे, तिथे हे गेज चालत नाही. डाव्या पुढच्या फेंडरवर २३० लागतं, कारण नाशिक फाट्यावर दुचाकी घासल्यावर तो पुन्हा रंगवला होता.

त्या बफिंगची भरपाई मी स्वतः केली, शॉपमध्ये, सलग तीन गुरुवार. आधी धुणं, मग लोखंडाचे कण विरघळवणारा स्प्रे. ब्रेकची आणि रस्त्यावरची लोखंडी धूळ रंगात रुतलेली असते, तिच्यावर हा स्प्रे पडला की जांभळे ओघळ उतरायला लागतात. माझ्या गाडीवर ते जरा जास्तच उतरले. ग्राइंडिंग शॉपच्या दारात उभी राहणारी गाडी, दुसरं काय होणार! त्यानंतर मी तिची जागा बदलली, आता ती शॉपच्या मागच्या बाजूला, एक्झॉस्ट फॅनपासून लांब उभी असते. मग क्ले बार, म्हणजे रंगात रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी. पातळ पिशवी हातात घालून रंगावरून बोटं फिरवली की क्लेच्या आधी खरखर लागते, नंतर काचेसारखं गुळगुळीत.

पॉलिशसाठी ड्युअल अ‍ॅक्शन मशीन घेतलं. ह्याचं पॅड स्वतःभोवती फिरतं आणि शिवाय झोके घेतं, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही आणि रोटरीसारखे पट्टे उठत नाहीत. मऊ फोम पॅड आणि मेग्वायर्सचं २०५ नंबरचं फिनिशिंग पॉलिश. बाजारात त्याहून जोरात कापणारी पॉलिश आहेत, मी मुद्दाम सगळ्यात सौम्यापासून सुरुवात केली. लाल पट्ट्याच्या कडांना टेप लावली. बॉनेटच्या घडीवर आणि दाराच्या कडेवर मशीन नेलंच नाही, कारण कडेवर रंग सगळ्यात पातळ असतो. बॉनेटची सरासरी आधी १११ होती, नंतर १०९. शंभरातल्या सत्तर-ऐंशी रेघा गेल्या. उरलेल्या खोल आहेत आणि त्या मी तशाच ठेवल्या. त्या काढायच्या तर आणखी पाच-सहा मायक्रॉन मोजावे लागले असते. २०५ ला माझ्याकडून पूर्ण गुण. धूळ कमी, पुसून चटकन निघतं, आणि काळ्यावर ढगाळपणा ठेवत नाही.

सिरॅमिक कोटिंगबद्दल, म्हणजे क्लिअर कोटवर चढवायच्या पारदर्शक थराबद्दल, लोक मला सारखं विचारतात. मला एका ठिकाणी ३२ हजारांचं कोटेशन मिळालं होतं. त्यांचे दावे: ‘नाइन एच’ कडकपणा, खिळ्यानेही ओरखडा नाही, पाच वर्षं धुवायची गरज नाही. नाइन एच हे पेन्सिलच्या कडकपणाचं माप आहे, धातूचा कडकपणा मोजायच्या आमच्या रॉकवेलच्या मापाशी त्याचा संबंध नाही. कोटिंगचा थर असतो एक-दोन मायक्रॉनचा. एक-दोन मायक्रॉन खिळा अडवणार नाहीत. नाशिक हायवेवर ट्रकच्या चाकातून उडणारा खडाही अडवणार नाहीत. तो अडवायचा तर पीपीएफ, म्हणजे दीड-दोनशे मायक्रॉनची फिल्म, पुढच्या बंपरला आणि बॉनेटच्या पुढच्या पट्टीला लावा. मी तेवढीच लावली आहे आणि समाधानी आहे.

कोटिंगचा खरा फायदा वेगळा आहे. पाणी आणि चिखल धरून राहत नाही, त्यामुळे धुताना घासावं कमी लागतं. म्हणून साधं, बाटलीतलं कोटिंग मी स्वतः लावतो, वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी. पण कोटिंग केलेल्या गाडीवरही तेच धुळीचं फडकं फिरलं तर महिन्यात जाळं परत. ३२ हजार खर्च करून ज्यांनी धुण्याची पद्धत बदलली नाही त्यांच्या गाड्या मी पाहिल्या आहेत, आणि वाईट वाटतं.

धुणं सांगतो. दोन बादल्या, एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. दोन्हींच्या तळाशी जाळी, म्हणजे वाळू खाली बसली की वर येत नाही. आधी प्रेशरने सगळी धूळ उडवायची. मग मायक्रोफायबरचा हातमोजा, टपापासून खाली, सरळ रेषेत. प्रत्येक पॅनेलनंतर मोजा साध्या पाण्यात पिळायचा. चाकांचं फडकं वेगळं. उन्हात कधीच नाही. आमचं बोअरचं पाणी जड आहे, थेंब वाळला की पांढरा डाग बसतो, म्हणून शेवटी मोठ्या टॉवेलने टिपून घ्यायचं. डाग बसलाच तर पाण्यात थोडा व्हिनेगर घालून हलक्या हाताने पुसायचा आणि लगेच धुवायचं. पक्ष्याची शीट मात्र धुण्याच्या दिवसाची वाट बघत नाही. एप्रिलच्या उन्हात तापलेला क्लिअर कोट फुगतो, संध्याकाळी आकसतो आणि वाळलेल्या शिटेभोवती त्याचा ठसा उमटतो. दारात नेहमी पाण्याची बाटली आणि एक स्वच्छ कापड असू द्या.

गाडी पुसू नका असं सांगायला गेलो तेव्हा मामा कसनुसे झाले.

“काही चुकलं का साहेब?”

“नाही मामा. पैसे चालू राहतील. फक्त काचा आणि टायर पुसा.”

“न पुसता पैसे कसे घेऊ?”

मग मी त्यांना दिव्याखाली नेऊन बॉनेट दाखवलं. ते खूप वेळ वाकून बघत राहिले. पुढच्या आठवड्यात मी त्यांना दोन बादल्या, जाळ्या आणि चार मोजे आणून दिले, आणि एका रविवारी आम्ही दोघांनी मिळून गाडी धुतली. आता ते आमच्या सोसायटीतल्या तीन गाड्या आठवड्यातून एकदा, ह्याच पद्धतीने धुतात आणि रोज पुसण्यापेक्षा जास्त पैसे घेतात. त्यांच्या हाताखाली माझी गाडी मी डोळे मिटून देतो.

दसऱ्याचं वेगळं सांगायला हवं. खंडेनवमीला आमच्याकडे मशीनची पूजा, त्यातच गाडीची. पहिल्या वर्षी झेंडूच्या हाराची तार बॉनेटवर वाऱ्याने हलत राहिली आणि ग्रिलच्या वर दोन इंचाचा ओरखडा पडला. तो अजून आहे, नखाला लागतो, पॉलिशने जाणारा नाही. आता हार सुतळीत ओवून घेतो आणि नंबर प्लेटला बांधतो. हळद-कुंकू आई पुढच्या काचेवर लावते. मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “देवाला काच काय आणि पत्रा काय.”

फियाटच्या गाड्या आता इथे विकल्या जात नाहीत, तेव्हा अबार्थ घ्यायची तर जुनीच. घेताना गेज घेऊन जा, कुणाकडून उसनं मिळालं तरी चालेल. आधी टप मोजा, कारण टपाला सहसा धक्का लागत नाही, तिथे मूळ रंगाचा अंदाज मिळतो. मग प्रत्येक दार, फेंडर, बॉनेट. टपावर ११० आणि दारावर २५० असेल तर दार रंगवलेलं आहे, मालकाला कारण विचारा. बॉनेटवर ८० च्या आसपास लागलं आणि रंग आरशासारखा चमकत असेल तर ती गाडी मी घेणार नाही, कारण तिचा क्लिअर कोट कुणीतरी आधीच घासून खाल्लेला आहे. रेघा दिसतात पण १०५-११० लागतंय, अशी मिळाली तर घ्या. माझं बॉनेट गेल्या खंडेनवमीला १०८ होतं.