ॲझोटोबॅक्टर-पीएसबीची पाकिटं: बटाट्याला कितपत कामाची?

ऑक्टोबर लागला की इंदूर-महू पट्ट्यातल्या खताच्या दुकानांत ही जिवाणू खतांची जोडी काउंटरवर येते: ॲझोटोबॅक्टर हवेतला नत्र धरतो, पीएसबी मातीत अडकलेला स्फुरद मोकळा करतो. माल कामाचा आहे, पण वापरताना लोक चुकतात.

घेण्याआधी पाकीट उलटून बघा. पावडरीत ग्रॅममागे किमान ५ कोटी आणि द्रवरूपात मिलिलिटरमागे १० कोटी जिवंत जिवाणू हवेत, असं खत नियंत्रण आदेश सांगतो. हा आकडा किंवा मुदत छापलेली नसेल तर घेऊ नका. पाकिटं उन्हात मांडलेली असतील तर तारीख कितीही ताजी असो, आत नुसती भुकटी उरलेली असते.

हेक्टरी दोन्ही प्रत्येकी ५ किलो घ्या, १०० किलो चाळलेल्या, पूर्ण कुजलेल्या शेणखतात कालवा, पाणी शिंपडा, रात्रभर सावलीत ओल्या पोत्याखाली झाका आणि लावणीच्या वेळी सरीत टाका. बेणं जिवाणूंच्या द्रावणात बुडवायचा सल्लाही मिळतो. कापलेल्या फोडींना तो मुळीच लागू करू नका. एका सडक्या फोडीचं पाणी अख्ख्या टोपलीला लागतं. बेण्याला मॅन्कोझेब हे बुरशीनाशक चोळलं असेल तर जिवाणू शेणखतातूनच द्या. डीएपीत कालवून टाकले तर पैसे पाण्यात. डीएपी-युरिया बेण्यापासून ५ सेंटीमीटर बाजूला आणि थोडा खाली पडू द्या, अंगाला लागला की कोंब जळतो.

माळव्याच्या चुनखडीच्या काळ्या मातीत स्फुरद अडकून बसतो, म्हणून दोघांत पीएसबी जास्त उपयोगी. ॲझोटोबॅक्टरला खायला सेंद्रिय कर्ब लागतो. हेक्टरी २० टन शेणखत नसेल तर ते पाकीट घेऊच नका. ताजं शेणही चालत नाही, त्याने हुमणी येते. (इंग्रज शेतीशास्त्रज्ञ हॉवर्डसाहेबांनी १९२४ ते १९३१ मध्ये कंपोस्टची पद्धत बसवली ती इथेच, इंदुरात, तरी उकिरडा उपसून थेट शेतात नेणारे आहेतच.)

‘रासायनिक खत निम्मं करा’ हे दुकानदाराचं बोलणं सोडून द्या. नत्र-स्फुरद-पालाश हेक्टरी १२०:८०:१०० किलो धरलं तर डीएपी १७४ आणि युरिया १९३ किलो लागतो. नत्र-स्फुरदात पाव कपात केली की डीएपी १३० आणि युरिया १४५. पहिल्या वर्षी चार सऱ्या पूर्ण मात्रेच्या ठेवा आणि काढणीला वजन करून बघा. पालाश मात्र कमी करायचा नाही. बटाटा नत्रापेक्षा पालाशच जास्त उचलतो. चिप्सचा माल असेल तर म्युरेट ऑफ पोटॅशऐवजी (त्यात क्लोराइड असतं) सल्फेट ऑफ पोटॅश घ्या. महाग पडतं, पण क्लोराइडने घटणारा सुका अंश वाचतो.

कपात केलेल्या १४५ किलोपैकी युरिया लावणीला ५० किलो, उरलेला ९५ किलो पंचविसाव्या ते तिसाव्या दिवशी भर लावताना. त्यानंतर दिलात तर पाला माजतो, बटाटा उशिरा पिकतो आणि कढईत काप तपकिरी होतात.