"मामाकडे फिरायला चाललोय"

दुबईला निघण्याआधी मला काम काय करायचं हे कुणी शिकवलं नाही. शिकवलं ते विमानतळावर इमिग्रेशनला सांगायचं एकच वाक्य: "मामाकडे फिरायला चाललोय, पंधरा दिवसांनी परत." एजंटच्या मुंबईतल्या ऑफिसात आम्ही तिघे खुर्च्यांवर बसून हे पाठ करत होतो, आणि समोर भिंतीवर फ्रेम केलेलं लायसन्स. तेव्हाच उठायला हवं होतं.

मी चिपळूणकडचा, आयटीआय झालेला एसी मेकॅनिक. १,८०० दिरहम पगार, राहणं फ्री, दोन वर्षांचा रेसिडेन्स व्हिसा असं ठरलं. ९०,००० रुपये रोख मोजले, काही काजूचे, बाकी पतपेढीचं कर्ज. पावती मागितली तर "भाऊ, विश्वास नाय काय?" म्हणत चिठ्ठीवर नुसता आकडा लिहून दिला. ना नाव, ना शिक्का.

व्हिसा व्हॉट्सअॅपवर आला. वरच 'टूरिस्ट' लिहिलेलं. विचारलं तर म्हणे, सगळे असेच जातात, तिथे गेलं की स्टेटस चेंज होतो. गोम अशी की हे धडधडीत खोटं नाही. यूएईत व्हिजिटवर, म्हणजे टूरिस्ट व्हिसावर, असताना नोकरी मिळाली तर तिथल्या तिथे व्हिसा बदलता येतो. फक्त त्याला आधी कंपनी लागते, आणि माझ्यासाठी ती नव्हतीच.

आमच्यातला तिसरा दहावी नापास, त्याचा पासपोर्ट ईसीआर, म्हणजे ठराविक देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी परवानगी लागणारा. मुंबईच्या इमिग्रेशनवर त्याला दोन प्रश्न जास्त विचारले आणि माघारी पाठवलं. आम्हाला त्याची कीव आली! आज तोच आमच्यात शहाणा ठरलाय.

दुबईतल्या देइरा भागात एका खोलीत दहा जण. दुसऱ्या दिवसापासून एसीच्या डक्टचं काम. व्हिसासाठीचं मेडिकल कधी, विचारलं की सुपरवायझरचं ठरलेलं उत्तर, "प्रोसेसमध्ये आहे." मग एजंटच्या माणसाने स्टेटस चेंजचे म्हणून १,५०० दिरहम नेले, घरून मागवून दिले.

खोलीत कणकवलीचे एक काका होते. एका रात्री त्यांनी बॅगेतली प्लॅस्टिकची पिशवी काढून आपले कागद पलंगावर मांडले. आधी तिथल्या कामगार मंत्रालयाचं ऑफर लेटर, अरबीबरोबर हिंदीतलं, खाली त्यांची सही. मग नोकरीचा एंट्री परमिट, त्यावर कंपनीचं नाव. उतरल्यावर रक्ततपासणी, छातीचा एक्स-रे, एमिरेट्स आयडी या तिथल्या ओळखपत्रासाठी बोटांचे ठसे, आणि शेवटी रेसिडेन्स. "ह्या सगळ्याचो खर्च कंपनीन करूचो, कायदोच आसा," काका म्हणाले. "तू दीड हजार कोणाक दिलंस?"

पंचावन्नाव्या दिवशी एजंटच्या त्या माणसाचा फोन बंद. पगार दिलाच नव्हता, आणि व्हिजिटवर काम करणं तिथे गुन्हा, त्यामुळे तक्रारीला जीभ उचलेना. व्हिसाचे साठ दिवस संपले. तिकिटाचे पैसे जमेपर्यंत वर ११ दिवस गेले. दिवसाला ५० प्रमाणे ५५० दिरहम दंड भरून निघालो.

घरी आल्यावर परदेशी नोकरीसाठीच्या सरकारी ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत एजंटांची यादी उघडली. फ्रेममधल्या लायसन्सचा नंबर मी फोटोत टिपला होता. तो खरा निघाला, पण भलत्याच फर्मचा. हे पाच मिनिटांचं काम मी जाण्याआधी केलं नाही. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही, हेही तेव्हाच कळलं.

पोलिसांत गेलो. हवालदारांनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "इमिग्रेशनला काय सांगून गेलात?"

मी मामाचं सांगितलं. ते लिहिता लिहिता थांबले.

तक्रार घेतली त्यांनी, ई-मायग्रेटवरही टाकलीय. गावातल्या एका ओळखीच्या माणसाने दम भरल्यावर २०,००० परत आले, तेही दोन हप्त्यांत. पतपेढीचा हप्ता दर महिन्याच्या ७ तारखेला जातो.